वस्तु घरीं गेली पाहिजे

हल्लीं ‘कार्यशाळा’ हा शब्द गांवोगांव ऐकूं येतो. कथालेखनाची कार्यशाळा, व्यक्तिमत्त्वविकासाची कार्यशाळा, आणि अलीकडे तर यंत्रमानवाची व संगणकाचीहि कार्यशाळा. शब्दाची फोड केली तर अर्थ अगदीं सरळ आहे : जेथें कार्य चालतें ती शाळा. ह्या अर्थानें लोहाराची भट्टी, सुताराचें अंगण व कुंभाराचें चाक ह्या आपल्या जुन्या कार्यशाळाच होत. परंतु ज्या समारंभांना आज हें नांव देण्यांत येतें, त्यांत बहुधा काय आढळतें? दीपप्रज्वलन होतें, पाहुण्यांचा सत्कार होतो, पडद्यावर चित्रें दिसतात, अल्पोपहार मिळतो व सायंकाळीं प्रमाणपत्र हातीं पडतें. कार्य तेवढें राहून जातें. सुज्ञ वाचकांपैकीं अनेकांच्या कपाटांत अशीं प्रमाणपत्रें असतील. त्यांतील कोणत्या कार्यशाळेंत शिकलेली गोष्ट आज घरांत उपयोगांत आहे, एवढाच प्रश्न त्यांनीं स्वतःस विचारून पाहावा.

मीं चौतीस वर्षें प्राथमिक शाळेंत मास्तरकी केली. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि त्याखेरीज जें कांहीं आहे तें वडिलांपाशीं व पाठशाळेंत झालेलें संस्कृताचें. विजेचा किंवा यंत्राचा अभ्यास मीं कधीं केलेला नाहीं. असें असूनहि निवृत्तीनंतर पांढरकवड्यास आमच्या घराच्या पडवींत गेलीं तीन वर्षें उन्हाळ्याच्या सुटींत मी एक लहानशी कार्यशाळा चालवितों. तिला आमच्या आळींतील मुलगे व मुली येतात, दोनचार गृहिणी येतात, जिनिंगमध्यें हंगामी काम करणारे एकदोन तरुण येतात, आणि पोडावरून शिक्षणासाठीं गांवांत येऊन राहिलेले कोलाम मुलगेहि येतात. शिकविणारे खरे गुरु दोन : एक वीजतंत्री व दुसरे वेल्डिंगचें दुकान चालविणारे गृहस्थ. माझ्याकडे आहे ती आखणी. ह्या आखणीसंबंधीं इतरांच्या कार्यावरून मला जें शिकतां आलें व आमच्या पडवींत जें पाहावयास मिळालें, तें येथें मांडतों.

कांहीं वर्षांपूर्वीं बाहेरगांवची एक संस्था आमच्या गांवीं मुलांसाठीं यंत्रमानवाची एका दिवसाची कार्यशाळा घेऊन आली होती. सामान उत्तम होतें. रंगीत पेट्यांतून चाकें, मोटरी, तारा व सुबक तुकडे होते. मुलांनीं ते जोडून दुपारपर्यंत एक लहानशी गाडी तयार केली, आणि ती गाडी जमिनीवर ओढलेल्या काळ्या रेघेवरून आपली आपण चालूं लागली. मुलें हरखून गेलीं. सायंकाळीं गाड्या मोडण्यांत आल्या, तुकडे मोजून पेट्यांत भरण्यांत आले, व पेट्या मोटारींतून पुढच्या गांवीं गेल्या. आमच्या थोरल्या बंधूंचा नातू त्या मुलांत होता. रात्रीं जेवतांना मीं त्यास विचारलें, ‘‘काय रे, गाडीला रेघ कशी कळत होती?’’ तो म्हणाला, ‘‘तें नाहीं सांगितलं, आजोबा. पुस्तकांत नंबर होते, तसे तुकडे लावले.’’

वास्तविक उत्तर चार शब्दांचें आहे. गाडीच्या पोटाखालीं एक बारीक दिवा व प्रकाश ओळखणारा एक डोळा असतो; पांढरी जमीन प्रकाश परत पाठविते, काळी रेघ तो गिळते; डोळ्याला परतीचा प्रकाश दिसेनासा झाला, कीं चाकांना वळण्याचा हुकूम मिळतो. गाडी घरीं असती तर दुसऱ्या दिवशीं, नाहीं तर महिन्यानें, मुलानें ती उलटी करून हा डोळा शोधलाच असता. परंतु गाडी गेली, आणि तिच्याबरोबर प्रश्नहि गेला. त्या संस्थेच्या हेतूविषयीं मला शंका नाहीं. सामान महाग असतें व पुष्कळ गांवांना पुरवावें लागतें, हेंहि मला समजतें. तरीपण शिकणाऱ्याच्या हातीं वस्तु उरत नाहीं तेथें विद्याहि फार दिवस उरत नाहीं, असें माझें मत झालें आहे.

हा दोष नव्या यंत्रांबरोबरच आला असें मात्र नव्हे. आमच्या लहानपणीं शाळेंत टकळी होती. ठरलेल्या तासाला आम्ही सूत काढीत असूं. तें सूत पुढें कोठें जातें हें कोणीं सांगितलें नाहीं, व आम्हीं विचारलेंहि नाहीं. त्या टकळीमागें केवढा विचार होता, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. आमच्या जिल्ह्यास लागूनच असलेल्या वर्धा येथें १९३७ च्या ऑक्टोबरांत शिक्षणपरिषद भरली. गांधीजींनीं मांडलेल्या कल्पनेवरून डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली, आणि सात ते चौदा वर्षांच्या मुलांचें शिक्षण मातृभाषेंतून व एखाद्या उत्पादक उद्योगाच्या द्वारें व्हावें, अशी योजना निघाली. तीच ‘वर्धा योजना’ किंवा ‘नयी तालीम’ होय. तींत उद्योग हा वरून चिकटविलेला विषय नव्हता. हातांतील कामांतूनच गणित, भूगोल व समाजाचें ज्ञान निघावें, अशी अपेक्षा होती. आमच्या वर्गापर्यंत येतां येतां त्यांतील टकळी तेवढी पोंचली व विचार वाटेंत राहिला. चहूंकडे कापसाचीं शेतें असूनहि आम्हीं काढलेलें सूत कोणाच्या अंगावर चढलेलें आम्हीं पाहिलें नाहीं.

वाटेंत राहिलेला तो विचार ज्यांनीं पुन्हां उचलला, त्यांत डॉ. श्रीनाथ कलबाग यांचें नांव मला फार महत्त्वाचें वाटतें. अमेरिकेंत अन्नतंत्राचें उच्च शिक्षण घेऊन आलेले हे गृहस्थ हिंदुस्थान लीव्हर कंपनीच्या संशोधनकेंद्रांत मोठ्या हुद्द्यावर होते. मुदतीपूर्वीं निवृत्ति घेऊन ते सपत्नीक पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांतील पाबळ ह्या अवर्षणग्रस्त गांवीं जाऊन राहिले, आणि १९८३ सालीं त्यांनीं तेथें ‘विज्ञान आश्रम’ काढला. २००३ सालीं ते निवर्तले. त्यांचें काम त्यांच्या मागें चालू राहिलें आहे.

कलबागांनीं माध्यमिक शाळांसाठीं जो अभ्यासक्रम बसविला, त्यांत आठवी ते दहावीचीं मुलें आठवड्यांतील एक दिवस हातानें काम करतात. कामाचे भाग चार : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. प्रत्येक मुलाला, व मुलीलाहि, चारहि भाग करावे लागतात. मुलगी वेल्डिंग करते आणि मुलगा स्वयंपाकघरांतील पदार्थ करतो. ह्यामागील कारण साधें आहे. खेड्यांतील माणसाला एकाच विद्येवर निभावतां येत नाहीं. सकाळीं पंप बिघडतो, दुपारीं गाय आजारी पडते, सायंकाळीं छप्पर गळतें. शिवाय तेथें शिकविण्यास गांवांतील कसबी माणसेंहि घेतात. परंतु ह्या योजनेंतील सर्वांत मोलाची गोष्ट मला वेगळीच वाटते. मुलांनीं केलेलें काम हें सरावाचें, करून टाकून देण्याचें काम नसतें. तें शाळेला किंवा गांवांतील कोणाला तरी हवें असतें. बांक हवा असतो, फाटक हवें असतें, मातीची परीक्षा हवी असते. ज्याला वस्तु हवी असते तो ती वापरतो, व वापरणाराच परीक्षक होतो. बांक डगमगला तर बसणारा तें सांगतो. त्यासाठीं मास्तरांनीं लाल शाई काढण्याचें कारण नाहीं.

ह्याच पाबळास २००२ सालीं एक नवी गोष्ट आली. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेचे प्राध्यापक नील गेर्शेनफेल्ड हे १९९८ पासून आपल्या विद्यार्थ्यांस ‘जवळजवळ कांहींहि कसें बनवावें’ ह्या नांवाचा वर्ग शिकवीत असत. संगणकावर आखलेली आकृति यंत्राकडून हुबेहूब कापून घेणें, लहान विद्युन्मंडलें स्वतः तयार करणें, अशा कामांची सामायिक कर्मशाळा त्यांनीं सुरू केली. तिला ‘फॅब लॅब’ म्हणतात. अमेरिकेबाहेर निघालेल्या अगदीं पहिल्या फॅब लॅबपैकीं एक पाबळची होय. मुंबई, बंगलोर सोडून ती एका दुष्काळी खेड्यांत कां निघाली? मला सुचणारें उत्तर असें, कीं ‘हें कोणाला हवें आहे?’ असा प्रश्न विचारण्याची संवय तेथें वीस वर्षांची होती. यंत्र नवें आलें, प्रश्न जुनाच होता.

आतां आमच्या पडवीकडे वळतों. तिला पाबळाची सर नाहीं व तसा आमचा दावाहि नाहीं; परंतु प्रश्न आम्हीं तोच घेतला. पहिल्या दिवशीं आम्ही कोणाच्याहि हातीं हत्यार देत नाहीं. येणाऱ्यांच्या जोड्या लावतों, आणि त्या मुद्दाम विजोड लावतों : चाळिशीच्या गृहिणीबरोबर चौदा वर्षांचा मुलगा, जिनिंगच्या तरुणाबरोबर सातवींतील मुलगी. ह्या जोड्या घरोघर जाऊन तक्रारी लिहून आणतात. ‘तुम्हांस काय शिकावयाचें आहे?’ असें विचारावयाचें नाहीं, कारण त्याला कोणी खरें उत्तर देत नाहीं. ‘घरांत काय नडतें?’ असें विचारावयाचें. मग उत्तरें भरभर येतात. गच्चीवरची टाकी भरून वाहते. माठाची तिवई डगमगते. गोठ्यांत रात्रीं दिसत नाहीं. ह्या यादींतून काम निवडण्याच्या कसोट्या तीन : आठवड्याभरांत तें पुरें व्हावें, सामान आमच्याच बाजारांत मिळावें, आणि चुकलें तरी कोणास इजा होऊं नये. म्हणून घरच्या विजेला कोणी हात लावीत नाहीं. विजेचें सर्व काम नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतें.

पहिल्या वर्षीं वाहणाऱ्या टाकीचें काम निघालें. तिची घंटी करणें फार सोपें आहे. टाकीच्या कांठाशीं दोन उघड्या तारा सोडावयाच्या. पाणी त्यांना लागलें, कीं पाण्यांतून किंचित् वीज वाहते. ती इतकी थोडी असते, कीं तिनें कांहींच वाजणार नाहीं. परंतु ट्रँझिस्टर नांवाचा हरभऱ्याएवढा तुकडा त्या थोड्या विजेच्या इशाऱ्यावर बॅटरीची मोठी वीज घंटीकडे सोडतो. पाटाचें दार उघडणाऱ्या पाटकऱ्यासारखा तो आहे, असें मीं सांगितलें तेव्हां गृहिणींना तें ताबडतोब पटलें. तारा जोडतांना जें सोल्डरिंग करावें लागतें, तें म्हणजे आपलें झाळणें. तें मात्र कोणाला पहिल्याच दिवशीं जमलें नाहीं. आठवडा संपला तेव्हां अकरा घंट्या अकरा घरीं बसल्या होत्या. घरधन्यांना एवढेंच सांगून ठेवलें होतें, कीं घंटी बंद पडली तर बाजारांतून माणूस आणूं नका. जिनें किंवा ज्यानें ती केली असेल त्यालाच हांक मारा.

पाण्यांतील तारा तांब्याच्या होत्या. त्यांचें पुढें काय होणार, हें वीजतंत्री गृहस्थांस पक्कें ठाऊक होतें व त्यांनीं तें मला आधींच सांगितलें होतें. आम्हीं दोघांनीं विचार करून मुलांस तें सांगितलें नाहीं. पावसाळा सरतां सरतां शेजारच्या एक बाई दारांत उभ्या राहिल्या. ‘‘गुरुजी, घंटी वाजून नाहीं राहिली ना!’’ जिनें ती घंटी केली होती ती मुलगी शिडीवरून गच्चीवर गेली व तारा काढून घेऊन आली. तारांवर हिरवा थर चढला होता. बाई म्हणाल्या, ‘‘हा तर कळकच. कल्हई उडाल्यावर भांड्याला येतो तसा.’’ त्यांचें म्हणणें अगदींच चूक नव्हतें. परंतु मुलगी तारांकडे पाहातच राहिली होती. ती म्हणाली, ‘‘गुरुजी, दोन्ही तारा एकाच पाण्यांत होत्या. मग एकच इतकी कां झिजली?’’

ह्या एका प्रश्नासाठीं आम्ही पांच महिने थांबलों होतों. एकाच दिशेनें वाहणारी वीज पाण्यांतून जातांना ज्या तारेवाटे पाण्यांत शिरते तिचें तांबें हळूहळू पाण्यांत उतरतें, ही गोष्ट वीजतंत्र्यांनीं तिला त्या सायंकाळीं कांचेच्या पेल्यांत मिठाचें पाणी घेऊन करून दाखविली. विद्युद्विच्छेदन हा जोडाक्षरांनीं भरलेला शब्द तिच्या पुस्तकांत होताच. तो त्या दिवशीं तिचा झाला. दुसऱ्या दिवशीं लोखंडी सामानाच्या दुकानांतून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणून तिनें अकराहि घरांच्या घंट्या दुरुस्त केल्या.

हात आधीं व नांव मागून, हा आमचा दुसरा नियम त्यावरून वाचकांच्या लक्षांत येईल. ह्या बाबतींत श्री. अरविंद गुप्ता यांचें ऋण मोठें आहे. कानपूरच्या तंत्रसंस्थेंतून अभियंते झालेले हे गृहस्थ १९७८ सालीं होशंगाबादच्या विज्ञानशिक्षणाच्या कामांत शिरले, व आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्या सामानावर त्यांनीं मुलांस भूमिति शिकविली. नळीचे तुकडे सांधे होतात, काड्या भुजा होतात. चौकोन करून दाबला तर तो कलतो. त्रिकोण कितीहि दाबला तरी आपला आकार सोडीत नाहीं. आमच्याकडे हा खेळ अर्ध्या तासाचा. त्यानंतर तीं मुलें बाहेर जातात व टिनाच्या छपराची कैची बघून येतात. तिवई कां डगमगते, हें मग त्यांना सांगावें लागत नाहीं. आडवी पट्टी तिरकी ठोकावयाची, हें तींच सुचवितात.

गेल्या वर्षीं धुण्याचा ओटा बांधावयाचा होता व पायाचा काटकोन साधावयाचा होता. गवंड्याचा गुण्या त्या दिवशीं दुसऱ्या कामावर गेला होता. मीं बारा समान गांठींची दोरी केली, तीन, चार व पांच गांठींवर खुंट्या ठोकल्या आणि काटकोन करून दाखविला. गवंडी म्हणाले, ‘‘हें तर आमचंच तीन-चार-पांच, गुरुजी!’’ मीं त्यांना सांगितलें, कीं यज्ञवेदीची आखणी दोरीनें कशी करावी हें सांगणारीं शुल्बसूत्रें आपल्याकडे आहेत. शुल्ब म्हणजे दोरीच. बौधायनानें कर्णाचा नियम त्यांत सांगितला आहे. जे मंत्र म्हणत तेच उन्हांत दोरी ताणीत व खुंट्या ठोकीत. त्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. अर्थात् वेदीच्या विटा ज्यांनीं भाजल्या त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेवलीं नाहींत, हेंहि तितकेंच खरें. त्या दिवशीं आमच्या ओट्याशीं दोरी मास्तरांची व थापी गवंड्यांची, असे दोघे एकत्र होतों, ह्याचा मला आनंद वाटला.

शिकविणारे दोघे कां असावे, ह्याविषयीं कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत फार मार्मिक चर्चा आहे. दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा वाद निघतो. कोणाची विद्या स्वतःपुरती उत्तम असते, कोणाला ती दुसऱ्यांत उतरविण्याची हातोटी असते. दोन्ही असतील तो आचार्य. आणि परीक्षा होते ती शिष्येच्या नृत्यावरून. दोन्ही गुण एका ठिकाणीं दुर्मिळ. म्हणून आमच्याकडे विद्या मिस्त्रींची व क्रम माझा. मिस्त्रींनीं काम स्वतः करून टाकूं नये, एवढ्यासाठीं मी त्यांच्याजवळ बसतों, आणि मीं भाषण सुरू करूं नये एवढ्यासाठीं ते माझ्याजवळ बसतात!

हें सर्व सुरळीत चाललें आहे असें मात्र समजूं नये. मिस्त्री, पोडावरचे मुलगे व आळींतील सुना एकाच पडवींत बसून चहा घेतात, ह्याचें आमच्या वहिनींस पहिल्या वर्षीं अवघड वाटलें. तें त्यांनीं उघड बोलून दाखविलें, व आतां बोलत नाहींत. दादांचा आक्षेप वेगळा आहे व तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ज्या नातवाची गाडी पेटींतून परत गेली, तो यंदा दहावीस आहे, आणि आठवड्यांतील दोन सायंकाळी वेल्डिंगच्या दुकानांत असतो. दादा मला म्हणाले, ‘‘अरे, याला यांतून गुण किती मिळणार?’’ मीं सांगितलें, ‘‘एकहि नाहीं.’’ तेव्हां दिवाळीपूर्वींच्या परीक्षेंत गुण उतरले तर सायंकाळी बंद, असें ठरलें आहे. त्यांत मागील महिन्यांत मुलानें सांगितलें, कीं दहावीनंतर त्याला अकरावी न करतां तंत्रनिकेतनांत जावयाचें आहे. त्या रात्रीं जेवणाच्या पंक्तींत कोणी फारसें बोललें नाहीं.

दादांची काळजी मला समजते. शेत थोडें, पाऊस बेभरंवशाचा, आणि ज्या परीक्षांनीं आमच्या घराला दोन पिढ्या भाकरी दिली त्यांवर त्यांचा विश्वास आहे. मी त्या मुलास एक शब्दानेंहि भरीस घातलेलें नाहीं. परंतु बुद्धीचें काम तेवढें आपलें व हाताचें काम दुसऱ्याचें, अशी जी वाटणी आपल्या घरांतून पिढ्यानुपिढ्या चालत आली, तिच्यामुळें शेंकडा नव्वद गुण मिळविलेला मुलगा घरांतील दिवा गेला तर दारांत जाऊन मिस्त्रींची वाट पाहतो, हें मला दिसतें. त्या मुलाचा निर्णय काय होतो हें पुढील उन्हाळ्यापर्यंत कळेल. तो काहींहि झाला तरी घरांतील बिघडलेली वस्तु तो उघडून पाहील, एवढें मला ठाऊक आहे.

ज्या वाचकांच्या घरीं पडवी, ओसरी किंवा मोकळी खोली आहे, त्यांना माझें सांगणें इतकेंच, कीं महाग सामानासाठीं अडून बसूं नये. गांवांतील एक कसबी माणूस गांठावा, त्यास मोबदला द्यावा, दहाबारा माणसें जमवावीं, आणि तक्रारींची यादी करण्यापासून आरंभ करावा. ज्यांचीं मुलें पुण्या-मुंबईस किंवा परदेशीं अभियंते आहेत, त्यांनीं तीं सुटींत आलीं असतां त्यांना आठ दिवस अशा पडवींत बसवावें. आमच्या यंदाच्या यादींत एक तक्रार पोडावरच्या मुलानें लिहून आणली आहे : शेतांत रात्रीं रानडुकरें येतात, आणि बाप माचाणावर जागलीला गेला, कीं घरीं आई व लहान भावंडें एकटीं राहतात. टिपेश्वरच्या जंगलालगतच्या गांवांना ही व्यथा चांगली परिचित आहे. डुकरांना इजा न होतां त्यांना हटवील व बापाला निदान अर्धी रात्र घरीं झोपूं देईल, अशी वस्तु नऊ व्होल्टवर कशी करावी, हें आमच्या दोघांहि मिस्त्रींस अजून सुचलेलें नाहीं. ज्यांना सुचेल त्यांनीं पांढरकवड्यास अवश्य यावें. राहण्या-जेवण्याची सोय आमच्या घरीं होईल.